हॉल इफेक्ट स्टिक बसवली की ड्रिफ्ट कायमचा जातो का?

कंट्रोलरच्या स्टिकला हात न लावताही पडद्यावरचं पात्र सरकत राहतं, त्याला गेमर ड्रिफ्ट म्हणतात. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘हॉल इफेक्ट स्टिक घ्या, विषय संपला’. तो अर्धाच खरा आहे.

नेहमीच्या स्टिकला दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. आत कार्बनच्या पट्टीवरून धातूची बारीक पाती घासत जाते आणि ती जिथे टेकेल त्यानुसार व्होल्टेज बदलतं. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण खरखरायचं, तेही याच भागामुळे. घासून कार्बन झिजतो, भुकटी तिथेच साचते आणि आकडे थरथरू लागतात.

हॉल स्टिकमध्ये चुंबक फिरतो आणि सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला हा परिणाम सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्येही वापरला होता. मोजताना इथे काहीच घासत नाही, त्यामुळे सेन्सर झिजत नाही. टीएमआर ही दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरची स्टिकही चुंबकावरच चालते, पण हॉलपेक्षा कमी वीज घेते.

मात्र स्टिक मध्यावर परत आणण्याचं काम सेन्सर करत नाही, स्प्रिंग करते. ती सैल झाली की हॉल सेन्सर चुकलेला मध्यही अगदी इमानदारीने कळवतो!

म्हणून खर्चाआधी तपासणी करा. स्टिकच्या जागेचे कच्चे आकडे दाखवणारं कुठलंही टेस्टर अ‍ॅप किंवा वेबपान उघडा. स्टिक टोकापर्यंत नेऊन सोडा, असं चारही दिशांना करा. हात न लावता आकडा नाचत असेल, तर कार्बनची पट्टी किंवा धूळ. आकडा स्थिर, पण दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर स्प्रिंग किंवा स्टिकचा फिरता सांधा. दर वेळी एकाच चुकीच्या जागी थांबत असेल, तर बहुधा फक्त कॅलिब्रेशन, म्हणजे कंट्रोलरला खरा मध्य नव्याने शिकवणं, हवं आहे.

धूळ असेल तर बॅटरी काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब स्टिकच्या बुडाशी सोडा, स्टिक गोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. झिजलेला कार्बन यानं परत येत नाही.

डेड झोन, म्हणजे मध्याभोवतीचा जो भाग गेम मोजतच नाही तो, वाढवणं हा तात्पुरता इलाज. ० ते २५५ च्या मोजपट्टीवर मध्य १२८ आणि स्टिक १३६ वर थांबत असेल, तर विचलन साधारण ६ टक्के; ८-१० टक्के डेड झोन ते झाकतो. नेम धरताना लागणारी सूक्ष्म हालचालही त्यात गिळली जाते, म्हणून नेमबाजीच्या गेममध्ये गरजेपेक्षा एक टक्काही जास्त ठेवू नये.

स्टिक बदलायचीच असेल, तर ड्युअलसेन्समध्ये (प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर) एका स्टिकचे सोल्डरचे १४ सांधे डीसोल्डर करावे, म्हणजे वितळवून सोडवावे लागतात. ग्राउंडचे सांधे उष्णता खेचून घेतात. तिथे घाईनं ओढलं तर बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उखडतो. आधी प्रत्येक सांध्यावर फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारा लेप) आणि थोडं शिसंमिश्रित सोल्डर द्यावं, ते लवकर वितळतं. नवी स्टिक बसल्यावर मध्य आणि टोकं दोन्हींचं कॅलिब्रेशन करावंच लागतं, कारण कंट्रोलरच्या मेमरीत जुन्याच स्टिकचे आकडे असतात. ते केलं नाही, तर कोरी हॉल स्टिकही पहिल्याच दिवशी ड्रिफ्ट दाखवते.