पार्श्वभूमी : मॅग्नेशियम थंडपणी तडकते, तापले की दबते

फोक्सवॅगन बीटलच्या इंजिन-गिअरबॉक्समध्ये वीसेक किलो मॅग्नेशियम असे, पण ते साच्यात ओतलेले. दाबून, ठोकून घडवलेले मॅग्नेशियमचे भाग आजही कमीच दिसतात, आणि त्याचे कारण जुने आहे.

1808 मध्ये हम्फ्री डेव्हींनी वेगळा काढलेला हा धातू शंभर वर्षांनी, 1909 मध्ये, जर्मनीत ‘इलेक्ट्रॉन’ मिश्रधातूच्या रूपाने बाजारात उतरला. घनता दर घनसेंटिमीटरला 1.74 ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमच्याही दोन-तृतीयांश. विमानवाल्यांचा डोळा त्यावर जाणारच. पण थंड पत्रा वाकवायला गेले की तडकायचा आणि सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या पुढे मुकाट वाकायचा. शास्त्र मागाहून आले. धातूला हवा तो आकार घ्यायचा तर स्फटिकात घसरणीच्या (अणूंचे थर एकमेकांवरून सरकण्याच्या) पाच स्वतंत्र वाटा लागतात, हे यांत्रिकीचे अभ्यासक फॉन मिसेस यांच्या 1928 च्या कामातून निघाले. मॅग्नेशियमचा स्फटिक षट्कोनी; थंडपणी तो सहज घसरतो फक्त तळाच्या थरांवर, आणि त्यातून वाटा मिळतात दोनच.

एझेड31 या मॅग्नेशियम मिश्रधातूची (3 टक्के ॲल्युमिनियम, 1 टक्का जस्त) एक्स्ट्रूड केलेली, म्हणजे साच्याच्या भोकातून रेटून काढलेली, सळई लांबीच्या दिशेने दाबली, तर खरी गंमत दिसते. ताणताना लागतो त्याच्या जवळपास निम्म्या जोरावरच ती नमते, कारण एक्स्ट्रुजनमध्ये स्फटिकांचे उभे अक्ष सळईला आडवे झालेले असतात. दाबताच ट्विनिंग होऊन, म्हणजे स्फटिकाचा काही भाग आरशातल्या प्रतिमेसारखा उलटून, ते सुमारे 86 अंशांत फिरतात. किती दाबले की किती जोर लागतो, याचा आलेख आधी सपाट चालतो. बहुतेक स्फटिक फिरून झाले की अक्ष नेमके दाबाच्या रेषेत येतात, आता ट्विनिंगने साधत नाही, आणि आलेख उसळी घेतो. मग थोड्याच वेळात तिरकी भेग जाऊन तुकडा फुटतो.

तीनशे अंशांवर तीच सळई वेगळी वागते. तळाखेरीज इतर थरांवरची घसरण सोपी होते, ट्विनिंग मागे पडते. आलेख शिखर गाठून उतरतो. त्या उताराचे एक मोठे कारण म्हणजे दाब चालू असतानाच जुन्या कणांच्या (धातूतल्या एकेका स्फटिकाच्या) कडेने बारीक नवे कण उगवतात. आयन, हम्फ्रीज आणि व्हाइट या संशोधकांनी 1982 मध्ये ते बारकाईने मांडले.

नुसते तापमान वाढवूनही भागत नाही, दाबण्याचा वेगही सांभाळावा लागतो. दोन्हींचा मेळ नकाशावर दाखवण्याची पद्धत 1984 मध्ये वाय. व्ही. आर. के. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियमसाठी काढली; पुढे ती मॅग्नेशियमलाही लागू झाली. अलीकडे यिट्रियमसारखी मूलद्रव्ये मिसळून स्फटिकांची ही एका दिशेची शिस्तच मोडतात. ताण-दाबातला फरक त्याने कमी होतो, किंमत मात्र चढते.