मफिनमधल्या पाण्याचा हिशेब

मफिन पूर्ण गार झालं की सुरीने उभं कापावं आणि कापलेली बाजू उजेडात धरावी. बेदाणे सगळे तळाशी जाऊन बसलेत का? तळाला दोन-तीन मिलिमीटरची गच्च, चिकट पट्टी दिसते का? खालून वर गेलेले पोकळ बोगदे आहेत का? फळं आणि सुकामेवा घातलेल्या मसालेदार मफिनच्या या नेहमीच्या तक्रारी. चौथी दुसऱ्या दिवशी कळते: मफिन कोरडं पडलेलं असतं आणि बेदाणे मात्र टचटचीत फुगलेले.

या चारही तक्रारींचा संबंध पाण्याशी आहे. साध्या मफिनमध्ये पाणी दूध आणि अंड्यातून येतं, म्हणजे ते मोजलेलं असतं. त्यात किसलेलं सफरचंद, बेदाणे आणि कणीक आली की कुणी पाणी सोडतं, कुणी ओढून घेतं, आणि हे ओव्हनमध्ये असताना आणि नंतर डब्यातही चालू राहतं. मसाला वाढवून किंवा सोडा वाढवून हा हिशेब जुळत नाही.

साधारण शंभर मिलिलिटरच्या १२ वाट्यांच्या साच्यासाठी हे प्रमाण भरवशाचं आहे. मैदा १५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, ब्राउन शुगर १४० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा, मीठ अर्धा. दालचिनी पूड दोन छोटे चमचे, सुंठ अर्धा, जायफळ पाव, लवंगेची पूड अगदी चिमूटभर. दोन अंडी, दही १५० ग्रॅम, वास नसलेलं तेल १०० ग्रॅम. एक लहान सफरचंद किसून १०० ग्रॅम, बेदाणे ८० आणि अक्रोड ८० ग्रॅम. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा, घरातला चहाचा नव्हे. घरच्या चमच्यांत फार फरक असतो, आणि सोड्याच्या बाबतीत तो फरक जिभेला लगेच कळतो. पिठं मात्र वजनानेच घ्यावीत. वाटी दाबून भरली की सैल भरली, यावर २०-२५ टक्के पीठ सहज कमी-जास्त होतं.

आता यातलं पाणी मोजू. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणजे दोन अंड्यांचं ७५ ग्रॅम. दह्यात ८५ टक्क्यांच्या वर, म्हणजे १३० ग्रॅम. सफरचंदातही साधारण ८५ टक्के, म्हणजे आणखी ८५ ग्रॅम. एकूण २९० ग्रॅम, आणि पीठ २५० ग्रॅम. सफरचंद हे ‘वरून घालायचं फळ’ नाही, तो या कृतीतला पातळ पदार्थ आहे, हे एकदा लक्षात आलं की गोंधळ संपतो. किसलेलं सफरचंद मुठीत हलकं पिळून घ्यावं. फार रसाळ असेल तर दोन-तीन मोठे चमचे रस निघतो, तो पिऊन टाकावा, मिश्रणात घालू नये. फळ बदललं की हिशेबही बदलतो. गाजर किसून घातलं तर ते पाणी हळू सोडतं. पिकलं केळं कुस्करून घातलं तर ते पातळच धरायचं आणि दही ४०-५० ग्रॅमने कमी करायचं. दही पाणचट असेल तर आधी गाळणीत दहा मिनिटं ठेवावं.

पिठात पाणी मिसळलं की गव्हातली ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. पोळीसाठी कणीक तिंबून तिंबून आपण हीच जाळी बळकट करतो. मफिनला ती जेमतेम हवी. म्हणून कोरडं सगळं एका पातेल्यात, ओलं सगळं दुसऱ्यात, आणि दोन्ही एकत्र केल्यावर उलथण्याने तळापासून वर असं १२ ते १५ वेळाच परतायचं. कोरड्या पिठाचे पट्टे दिसेनासे झाले की थांबायचं, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतं. भाजताना त्या आपोआप मुरतात. फेटत राहिलं तर जाळी ताणली जाते, वायूचे बुडबुडे त्यात अडकतात आणि बाहेर पडायला वाट शोधत एकत्र होऊन वर सरकतात. कापल्यावर दिसणारे बोगदे ते हेच. असं मफिन वरून टोकदार होतं आणि चावायला चिवट लागतं. कणकेतला कोंडा पाणी सावकाश पितो, म्हणून मिश्रण पाचेक मिनिटं तसंच ठेवलं तर बरं, त्याहून जास्त मात्र नको.

जास्त थांबायचं नाही, कारण सोडा. दह्यातलं आम्ल आणि सोडा पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटायला लागतो. ढोकळ्याचं पीठ सोडा घातल्यावर थांबू देत नाहीत, तेच इथे. बेकिंग पावडरचं तंत्र थोडं वेगळं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने, ज्याच्या नावाची कस्टर्ड पावडर प्रसिद्ध आहे, १८४३ मध्ये यीस्टविना फुगणारी पावडर बनवली. त्याच्या पत्नीला यीस्ट चालत नसे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पावडरींत सोड्यासोबत दोन प्रकारची आम्लं असतात. एक थंड मिश्रणातच काम सुरू करतं, दुसरं उष्णता लागल्यावर. शिवाय त्यात कॉर्नफ्लॉवर असतं, ते हवेतला ओलावा शोषून पावडरीला डब्यातच खर्ची पडू देत नाही. तरीही आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलेला डबा महिन्याभरात निकामी होऊ शकतो. एक चमचा पावडर अर्धी वाटी कडकडीत पाण्यात टाकावी. जोरात फसफसली तर चांगली, नुसते चार बुडबुडे आले तर टाकून द्यावी.

अर्धा चमचा सोड्याला दीडशे ग्रॅम आंबट दही पुरतं. सोडा त्याहून जास्त झाला तर उरलेला सोडा तापून सोडियम कार्बोनेट होतो. साबणासारखी चव आणि डागाळलेला तपकिरी रंग त्यानेच येतो. मिश्रण अल्कधर्मी झालं की फळांचे रंगही पालटतात. जांभळाचा गर किंवा करवंदं घातलेल्या मफिनमध्ये फळाभोवती निळसर-हिरवी कड दिसली तर घाबरू नये, फळ खराब नसतं. जांभळ्या रंगाचं अँथोसायनिन आम्लात लालसर आणि अल्कात निळं-हिरवं दिसतं, इतकंच. सोडा पाव चमच्यावर आणला की रंग टिकतो. अक्रोडाभोवती येणारी करडी-जांभळी छटा त्याच्या सालीतल्या टॅनिनमुळे असते, तीही निरुपद्रवी.

सहा वाट्यांचा साचा आणि लहान ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर सगळं मिश्रण एकदम करू नये. अर्धं बाहेर वीस मिनिटं थांबलं की त्यातला वायू निघून जातो आणि दुसरा घाणा दडस होतो. कोरडं आणि ओलं वेगवेगळं निम्मं करून ठेवावं, पहिला घाणा निघायच्या बेताला दुसरं कालवावं.

बेदाण्यांचा स्वभाव सफरचंदाच्या नेमका उलटा. त्यांत पाणी जेमतेम १५ टक्के आणि साखर भरपूर, त्यामुळे ते भोवतीच्या मऊ भागातून रात्रभर ओलावा ओढत राहतात. सांगली-तासगावकडे द्राक्षं वाळवताना ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, कारण सालीवरच्या मेणाच्या थरातून पाणी सहज बाहेर पडत नाही. स्वयंपाकघरात आपण पाणी पुन्हा आत घालत असतो, म्हणून गरम पाणी घ्यायचं. बेदाणे पंधरा मिनिटं त्यात ठेवावेत, गाळावेत आणि फडक्यावर पसरून वरची ओल टिपून घ्यावी. पाण्याऐवजी संत्र्याचा रस कोमट करून घेतला तर या मसाल्यांशी तो फार छान जमतो. खजूर आणि सुकं अंजीर बेदाण्याएवढेच बारीक चिरावेत.

मग ते तळाशी का जातात? बेदाणा मिश्रणापेक्षा जड असतोच. प्रश्न एवढाच की मिश्रण त्याला किती वेळ धरून ठेवतं. ओव्हनमध्ये गेल्यावर पहिली काही मिनिटं मिश्रण घट्ट होत नाही, उलट उष्णतेने सैल होतं. पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगला की मगच ते आवळतं. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च साठेक अंशांना फुगू लागतो, पण साखर पाणी धरून बसते, म्हणून मफिनमध्ये ही वेळ ८० अंशांच्या आसपास येते. सैल होणं आणि आवळणं यांच्या मधली मिनिटं हीच बेदाणे बुडण्याची वेळ. साखर जितकी जास्त तितकी ती लांबते. बेदाण्यांना कोरडं पीठ लावायचा सल्ला सगळे देतात. पीठ सालीवरची ओल टिपतं, तेवढा त्याचा उपयोग, पातळ मिश्रणात ते धुऊन जातं. खरी काळजी मिश्रणाच्या घट्टपणाची. ते भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवं, चमचा उलटा केला तर क्षणभर चिकटून मग गोळ्याने धबकन पडेल असं. साच्यात आधी प्रत्येकी एक चमचा बिनबेदाण्यांचं मिश्रण घालावं, बाकीच्यात बेदाणे-अक्रोड मिसळून वर भरावं. हा उपाय पीठ लावण्यापेक्षा पुष्कळ खात्रीचा.

मसाल्यांना मात्र पाणी नको, तेल हवं. दालचिनीचं सिनामाल्डिहाइड, लवंगेचं युजेनॉल आणि जायफळातली सुगंधी तेलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तेल हाताला चांगलं गरम लागेल इतकंच तापवावं, आच बंद करावी आणि पूड त्यात घालून पाच मिनिटं ठेवावी. ही फोडणी नव्हे, तडतडलं तर सुगंध स्वयंपाकघरात राहतो, मफिनमध्ये नाही. अंडी घालण्याआधी तेल कोमट होऊ द्यावं, नाहीतर अंड्याचे कण बनतील. जायफळ आयत्या वेळी किसावं. लवंग चिमटीच्या वर गेली की बाकी काही लागतच नाही, दाताच्या औषधाची आठवण येते, कारण त्या औषधातही युजेनॉलच असतं.

दालचिनी कुठली घेता याने चव बदलते. बाजारातली जाड, टणक, एका पदराची साल बहुधा कॅशियाची असते: तिखट आणि दणकट. खरी दालचिनी पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिची ‘कोकण तेज’ ही जात दिली आहे. कॅशियामध्ये कुमारिन हा घटक बऱ्याच प्रमाणात असतो, तो जास्त गेल्यास यकृताला त्रासदायक ठरतो, म्हणून युरोपीय संघाने २००८ च्या नियमांत केक-बिस्किटांतल्या कुमारिनवर मर्यादा घातली. अधूनमधून खाल्लेल्या मफिनची काळजी नको, घरात रोज दालचिनी वापरत असाल तर पातळ साल घ्या.

अक्रोड १६० अंशांवर ८ मिनिटं भाजून, गार करून, मगच हाताने मोडावेत. मिश्रणात गेलेला अक्रोड वाफेत शिजतो, खरपूस होत नाही, म्हणून हे काम आधीच उरकायचं. त्यातलं तेल लवकर खवट होतं, त्यामुळे पाकीट फोडल्यावर अक्रोड फ्रिजमध्येच ठेवावेत.

ओव्हन २१० अंशांवर किमान १५ मिनिटं तापवावा. घरगुती ओटीजीची चकती दाखवते त्यापेक्षा आतलं तापमान वीसेक अंशांनी वेगळं असणं नेहमीचं आहे, त्यामुळे ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेणं हा या कामातला सर्वांत उपयोगी खर्च. साचे काठोकाठ भरावेत, प्रत्येकी सुमारे ८० ते ८५ ग्रॅम. मधल्या खणात २१० वर ६ मिनिटं, मग दार न उघडता १८० वर आणखी १४ ते १६ मिनिटं. सुरुवातीच्या कडक आचेने कडा लवकर धरतात, मधला भाग अजून सैल असतो आणि वाफ-वायूच्या जोराने वर उचलला जातो. गोल टोपी येते ती अशी. सुरुवातीलाच मंद आच ठेवली तर कडा आणि मध्य बरोबरच धरतात आणि माथा सपाट राहतो. काडी घालून बघताना ती बेदाण्यात गेली तर चिकटच निघते, म्हणून दोन ठिकाणी टोचावी. मध्यभागी ९६ ते ९८ अंश झाले की मफिन तयार.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटांनी साच्यातून जाळीवर काढावेत. साच्यातच राहिले तर आतली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन तळात मुरते, आणि मिश्रणातल्या जास्तीच्या पाण्याखेरीज चिकट पट्टीचं हे दुसरं कारण.

अंडी नको असतील तर दर अंड्यामागे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालावी. जवसाचा बुळबुळीत द्रव पाणी घट्ट धरतो, पण अंड्याची प्रथिनं आचेवर गोठतात तसा तो गोठत नाही. टोपी थोडी बसकी येते, मध्यभाग जरा ओलसर राहतो, म्हणून तीन-चार मिनिटं जास्त द्यावीत आणि सफरचंद ७० ग्रॅमवर आणावं.

हे मफिन बंद डब्यात दोन दिवस राहतात, पावसाळ्यात एकच धरावा, फळांच्या ओलीवर बुरशी पटकन येते. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. मफिन शिळं होतं ते केवळ वाळल्यामुळे नाही, फुगलेला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो म्हणून, आणि फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते. जास्त दिवसांसाठी एकेक मफिन घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावं. खायच्या वेळी फॉइलमध्ये १६० अंशांवर १२ मिनिटं गरम केलं की स्टार्चचा बांध सैल होतो आणि मफिन पुन्हा मऊ पडतं.