इंजिनाला गार हवेचा घास

एप्रिलच्या दुपारी मारुती व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून ज्यांनी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढलाय, त्यांना मधल्या इंजिनाची गाडी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. इंजिन बुडाखालीच, चढ लागला की सीट तव्यासारखी तापते. ही व्हॅन आपल्याकडे १९८४ साली आली. त्याच वर्षी जपानात टोयोटाने एमआर२ ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. तिचंही इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. वजन मध्याजवळ असलं की गाडी वळणावर चटकन फिरते. बाकी दोघींत साम्य शोधायला जाऊ नये.

माझ्या आतेभावाने इंग्लंडमध्ये अशी १९८६ची एमआर२ घेतलीय. परवा त्याचा साताऱ्याला फोन. "दादा, गाडी ओढतच नाही. भारीतला हवेचा फिल्टर बसवला, आवाज तर झकास येतो, पण पिकअप उलट कमी झाला."

फोटो मागवला. कंपनीचा बंद डबा काढून त्याने शंकूसारखा उघडा फिल्टर थेट इंजिनाशेजारी लावला होता.

जरा हिशेब करू. इंजिन १५८७ सीसीचं, चार सिलिंडर. दर दोन फेऱ्यांत ते एकदा पोटभर हवा घेतं. मिनिटाला ६००० फेरे धरले, तर सुमारे ४७५० लिटर हवा झाली. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या पावणेपाच टाक्या, एका मिनिटात! तेवढ्या हवेसोबत पेट्रोल जळतं जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, अडतं ते हवेपाशी.

आणि इंजिनाला लिटर किती मिळाले याच्याशी देणंघेणं नाही, त्या लिटरांत ऑक्सिजन किती हे महत्त्वाचं. ३० अंशांची हवा ६० अंशांना तापली की तेवढ्याच जागेतली हवा वजनाने सुमारे ९ टक्के कमी भरते. शक्तीही साधारण तेवढीच घटते. साताऱ्याहून महाबळेश्वरला जाताना आपण साडेसहाशे मीटर वर चढतो, तेव्हा हवा सुमारे ६ टक्के विरळ होते. म्हणजे इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढायला लावून आतेभावाने पैसे मोजून आपली गाडी महाबळेश्वराच्याही वर नेऊन ठेवली होती. मूळ डबा दारामागच्या जाळीतून बाहेरची गार हवा ओढायचा. तो परत बसवायला सांगितलं.

तरी खालच्या फेऱ्यांना गाडी मरगळलेलीच. या इंजिनात एक गंमत आहे. प्रत्येक सिलिंडरला हवेच्या दोन वाटा, आणि फेरे कमी असताना एक झडप त्यातली एक वाट बंद ठेवते. पाटाला पाणी कमी असलं की आपला शेतकरी दोन सऱ्यांऐवजी एकाच सरीला सोडतो, मग ते शेवटपर्यंत पळतं. तसंच हे. हवा वेगाने आत शिरते, घुसळते, पेट्रोल नीट मिसळतं. फेरे चार हजारांच्या पुढे गेले की दुसरी वाट उघडते. ही झडप हलते ती इंजिनाच्याच ओढीवर, एका बारीक रबरी नळीतून. रबर चाळीस वर्षांचं!

नळी बघायच्या आधी मी त्याला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तपासायला लावलं. प्लग काढून भोकात गेज लावायचा, सेल्फ मारायचा, आकडा लिहून घ्यायचा. तीन सिलिंडर सारखे, चौथा थोडा खाली. मग त्या भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा सेल्फ. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. याचा हलला नाही. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं, अंतर कमी झालं होतं, व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहत होता. सायलेन्सर मोठा करण्यापेक्षा हे काम पन्नास पट मोलाचं, पण त्याचा आवाज येत नाही म्हणून कुणी करत नाही.

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदलताना मात्र तो फसला. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधे पोटाखालून लांबलचक पाइप. विहिरीवरच्या पंपासारखी या पाइपांत हवा धरते, आणि तापमानाचा काटा लालकडे जातो. दोनदा हवा काढावी लागली.

नळीचं निघालं ते असं, की दिसायला ती धडधाकट होती. वाकवल्यावर आतल्या बाजूला केसाएवढी चीर दिसली. तिथून ओढ निसटायची, झडप मिटायचीच नाही. वीतभर नवी नळी लावली, आणि आता तो म्हणतो, तिसऱ्या गिअरमध्येही चढ घेते.