फिर्याद ते दोषारोपपत्र: मराठवाड्यातल्या मधल्या काळाची पार्श्वभूमी

बलात्काराची फिर्याद नोंदवली की तपास दोन महिन्यांत पुरा करायचा, असं कायदा सांगतो. ही मुदत २०१८ च्या दुरुस्तीनं सगळ्या बलात्कार प्रकरणांना लागू झाली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नं ती कायम ठेवली. पण ही मुदत आहे पोलिसांसाठी. त्या दोन महिन्यांत बाईनं राहायचं कुठं, रोजगारावर जायचं की नाही, दवाखान्याला आणि कोर्टाला जायचं भाडं कुठून आणायचं, आरोपीचे भाऊबंद दारात येऊन बसले तर काय करायचं, हे प्रश्न कायद्याला फार उशिरा पडले. जे आधार आज कागदावर आहेत त्यांतला एकही आपोआप आलेला नाही.

सुरुवात १९७२ पासून करावी लागते. त्या वर्षी मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा केलेला नाही. त्याच १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध स्त्रीची विटंबना झाली. त्या गुन्ह्याला होणारा ५० रुपयांचा दंड आणि राष्ट्रीय प्रतीकाच्या अपमानाला होणारा ३०० रुपयांचा दंड राजा ढाले यांनी 'साधना'च्या स्वातंत्र्यदिन अंकात शेजारीशेजारी मांडले, आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. देसाईगंजची चर्चा कायद्याच्या वर्गात होते, ब्राह्मणगावची दलित चळवळीच्या इतिहासात. मला या दोन्ही गोष्टी एकाच पानावर हव्यात. मराठवाड्यात ठाण्याची पायरी चढणाऱ्या बाईला आधी तिची जात कळलेली असते आणि मग कायदा कळतो.

देसाईगंजच्या निकालावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही ती चार नावं. पुढच्या वर्षी ८ मार्चला शहरोशहरी मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. अशा प्रकरणात संमती नव्हती असं बाईनं सांगितलं तर न्यायालयानं ते गृहीत धरावं, ही तरतूद आली. नाव छापायला बंदी आली. पण मधला काळ या दुरुस्तीत नव्हता. बदल झाले ते कोर्टात उभं राहिल्यानंतरचे. तिथवर पोहोचेपर्यंत बाईच्या सोबत कोण, याला उत्तर नव्हतं. तिच्या पूर्वचारित्र्यावर उलटतपासणी करू देणारं साक्षीपुराव्याच्या कायद्यातलं पोटकलम तर आणखी जवळपास वीस वर्षं जागचं हललं नाही.

सोबत कोण, याचं उत्तर पहिल्यांदा कायद्यानं दिलं नाही, कार्यकर्त्यांनी दिलं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. समाजकार्य शिकलेली बाई पोलिसांच्याच इमारतीत बसून तक्रारदाराचं ऐकून घेणार, एवढी साधी कल्पना. पुढं राज्य सरकारनं ती उचलली आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत आले. इकडं अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये 'मानवलोक' उभं केलं होतं, आणि त्याच्याच जोडीनं शैला लोहिया यांचं 'मनस्विनी'चं काम सुरू झालं. टाकलेल्या, मारहाण झालेल्या, घराबाहेर काढलेल्या बायांना आधी छप्पर द्यायचं आणि मग पुढचं बघायचं. बलात्कार प्रकरणांत हा क्रम किती महत्त्वाचा आहे, हे सरकारला कळायला २०१५ उजाडावं लागलं. त्या वर्षी 'सखी' वन स्टॉप सेंटरची योजना आली: एका छताखाली समुपदेशन, पोलिसांची मदत, औषधोपचार, वकील आणि पाच दिवसांपर्यंतचा निवारा. सेंटर मात्र जिल्ह्याच्या गावी. किनवटच्या बाईला नांदेड गाठणंच एका दिवसाचं काम.

अंतराचा हा प्रश्न मराठवाड्यात जुनाच आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्याला जोडला गेला आणि वरचं न्यायालय हैदराबादहून मुंबईला गेलं. औरंगाबाद खंडपीठ बसलं ते २७ ऑगस्ट १९८१ ला. म्हणजे जवळपास पंचवीस वर्षं जामिनाविरुद्ध वर दाद मागायची, तर लातूर-बीडच्या माणसाला मुंबई धरावी लागे. ज्याच्याकडं पैसा तो जाई. बहुतेकदा तो आरोपीच असे.

सोबतीचा हक्क न्यायालयाच्या भाषेत पहिल्यांदा नीट लिहिला गेला १९९४ मध्ये. रेल्वेनं दिल्लीला निघालेल्या घरकामगार मुलींवर जवानांनी अत्याचार केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तक्रारदाराला पोलीस ठाण्यातच वकिलाची मदत मिळाली पाहिजे, प्रश्न विचारण्याआधी तिला हा हक्क सांगितला पाहिजे, तिची ओळख झाकली पाहिजे आणि नुकसानभरपाईसाठी मंडळ नेमलं पाहिजे. निकाल झाला. मंडळ मात्र झालं नाही. २००८ च्या दुरुस्तीनं फौजदारी प्रक्रिया संहितेत भरपाईचं कलम ३५७-अ आलं, तक्रारदाराला सरकारी वकिलाच्या जोडीला स्वतःचा वकील देता येऊ लागला, आणि जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा असं ठरलं. त्या निकालाला तोवर दीड दशक होत आलं होतं.

दवाखान्याची गोष्ट याहून कडू आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००६ पासून लागू झालेल्या कलम १६४-अ नुसार फिर्यादीनंतर चोवीस तासांत, आणि बाईच्या संमतीनंच, वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. पण तपासणी म्हणजे काय, हे डॉक्टरांना कुणी धड शिकवलंच नव्हतं. दोन बोटांची चाचणी सर्रास व्हायची आणि 'सवय आहे' असा शेरा कागदावर यायचा. सेवाग्रामचे न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या अहवालाच्या आधारानं नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली आणि राज्याला तपासणीचे नमुने बदलावे लागले. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ही चाचणी अवमानकारक ठरवली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला तर ती करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका येईल असं बजावलं. आता खासगी दवाखान्यालाही मोफत उपचार नाकारता येत नाहीत. नाकारले तर तो गुन्हा. पण उपचार केल्यावर पोलिसांना कळवणंही दवाखान्यावर बंधनकारक आहे. फक्त औषध हवं, केस नको, असं म्हणणाऱ्या बाईला म्हणूनच दवाखान्याचीही भीती वाटते. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पोलिसांकडं जायला तिचा नकार असेल तर तो तसा लिहून घेण्याची सोय आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ती माहीत असेल. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरला ती माहीत असेलच, असं मी म्हणणार नाही.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्या. वर्मा समिती बसली आणि २०१३ चा कायदा आला. त्यातली शिक्षावाढ गाजली. मला मात्र त्यानं दंड संहितेत घातलेलं कलम १६६-अ अधिक मोलाचं वाटतं. फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं कैद. नव्या न्यायसंहितेत हेच कलम १९९. 'साहेब बाहेर गेलेत, उद्या या' याला पहिल्यांदा किंमत लागली.

राज्य सरकारनं त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून 'मनोधैर्य' योजना लागू केली. सुरुवातीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ, दोन ते तीन लाख रुपये. २०१७ नंतर काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं गेलं आणि रक्कम दहा लाखांपर्यंत वाढली. बदल चांगला होता, कारण विधी सेवेकडं गेलं की पैशाबरोबर मोफत वकिलाचीही वाट उघडते. अनुसूचित जाती-जमातींच्या बाईसाठी ॲट्रॉसिटी कायद्याचा रस्ता वेगळा आहे: तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं, बलात्काराच्या प्रकरणात पाच लाखांचं अर्थसाहाय्य, निम्मं वैद्यकीय अहवालानंतर, पाव दोषारोपपत्राला, पाव निकालाला. २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ मुळं जामिनाच्या सुनावणीची सूचना तिला द्यावीच लागते आणि तिचं ऐकूनही घ्यावं लागतं. पण उपअधीक्षकांकडं तपास जाण्यासाठी पहिल्या कागदावर, म्हणजे फिर्यादीवरच, ॲट्रॉसिटीचं कलम लागायला हवं. त्यामुळं खरी झुंज पुष्कळदा तिथंच, ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी होते.

आणि उसाचा फड. बीड, धाराशिव, परभणी, जालन्यातून हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात: कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली, कोयत्याचा हिशेब नवरा-बायको मिळून एक. अत्याचार झाला तर फडाजवळच्या ठाण्यात ना ओळख ना भाषा. गावी येऊन सांगितलं, तर 'आमची हद्द नाही'. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवण्याची पद्धत वर्मा समितीच्या सुमारास रूढ झाली. आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिली आहे, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यानं फिर्याद घ्यायची आणि पुढं पाठवायची. एवढ्यानं निम्मीच अडचण सुटते. फिर्याद केजला नोंदली तरी तपास शिरोळला जातो. घटनास्थळाचा पंचनामा तिथं, मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब तिथं, ओळखपरेड तिथं. आणि उचल अजून फिटलेली नसते. मुकादमच आरोपी असेल किंवा आरोपीचा पाहुणा असेल, तर तपास चालू असताना त्याच्याच हिशेबात काम करत राहायचं. भरपाईच्या कुठल्याही नियमात उचलीचा उल्लेख नाही. मराठवाड्यापुरती एकच दुरुस्ती सुचवायची झाली, तर मी ही सुचवेन.

तडजोडीबद्दल कायदा केव्हाच स्पष्ट झालाय. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये पुन्हा सांगितलं. मार्च २०२१ मध्ये, आरोपीनं राखी बांधून घ्यावी असली जामिनाची अट रद्द करताना, लग्न किंवा समझोता सुचवायलाही न्यायाधीशांना मनाई केली. पारावरची बैठक या निकालांची वाट बघत नाही. 'पोरीचं लग्न कोण करील', 'दोन्ही घरं एकाच शिवारातली' अशी बोलणी सीए रिपोर्ट, म्हणजे नमुन्यांच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, यायच्या आधीच झालेली असतात. प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आता छत्रपती संभाजीनगरच्या जोडीला नांदेडलाही आहे. अहवालाला जेवढा उशीर, तेवढा बैठकीला वेळ जास्त. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली बालकल्याण समिती तिच्यासाठी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते, आणि तपासापासून खटल्यापर्यंत ती व्यक्ती सोबत राहते. सज्ञान बाईला अशी नेमलेली सोबत कायद्यात आजही नाही.

राज्याचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं. मुदती आणखी आखडणं आणि फाशी, यावरच सगळा भर. ते कायदा झालं नाही. मला त्याची फार हळहळ वाटली नाही.

त्यापेक्षा मोठी गोष्ट एप्रिल २०२२ मध्ये झाली. लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पीडिताला तपासाच्या टप्प्यापासून प्रत्येक पायरीवर म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. ती केवळ सरकारची साक्षीदार नव्हे. नव्या संहितेत, तिच्या बाजूनं वकील उभा असेल तर, दोषारोपपत्राची प्रतही तिला मोफत द्यायची आहे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तिला कळवायचं आहे, आणि हे मोबाईलवरूनही चालतं. फिर्यादीवर मोबाईल नंबर मात्र बऱ्याचदा भावाचा, दिराचा किंवा नवऱ्याचा पडतो. निरोप त्याच्याकडं जातो, आणि बैठकीत बसणाराही तोच असतो. जबाब देताना स्वतःचा, नाहीतर सोबत आलेल्या कार्यकर्तीचा नंबर लिहून घ्यायला लावणं तक्रारदाराच्या हातात आहे. मोफत वकिलासाठी विधी सेवेचा १५१०० हा क्रमांकही चालू आहे.