एम्सची तार (१८७०)

१३ जुलै १८७० रोजी प्रशियाचा राजा विल्हेल्म पहिला आणि फ्रेंच राजदूत काउंट बेनेडेटी यांच्यात एम्स इथे जे बोलणं झालं त्याची खबर बर्लिनला कळवणारी सरकारी तार, आणि प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने तीच काटछाट करून पेपरात दिली ती आवृत्ती, या दोन्हींना मिळून एम्सची तार म्हणतात. ती छापून आल्यावर सहाच दिवसांत, १९ जुलैला, फ्रान्सने युद्ध पुकारलं आणि त्या युद्धातून जर्मन साम्राज्य उभं राहिलं. आपल्याकडे परीक्षेच्या नोट्समध्ये 'बिस्मार्कने तार बदलली आणि फ्रान्स चिडला' एवढ्यावर भागवतात. ते अगदीच चूक नाही, पण भांडणाचं मूळ तारेच्या बरंच आधीचं आहे आणि अभ्यासकांचा खरा वाद त्या मुळावरच आहे.

मूळ स्पेनमध्ये. सप्टेंबर १८६८च्या क्रांतीत राणी इसाबेला दुसरी पळाली, सिंहासन रिकामं झालं आणि क्रांतीचा एक पुढारी मार्शल प्रिम युरोपभर राजा शोधायला लागला. त्यात नाव आलं होहेनझोलर्न-झिगमारिंगेन घराण्यातल्या लिओपोल्डचं. हे घराणं कॅथलिक, प्रशियाच्या राजघराण्याची दक्षिणेतली शाखा, आणि लिओपोल्डचा भाऊ कार्ल १८६६ पासून रुमानियाच्या गादीवर होताच, म्हणजे परदेशी गादी घेणं त्यांना नवीन नव्हतं. पण फ्रान्सच्या नजरेतून पाहिलं तर पूर्वेला प्रशिया आणि दक्षिणेला प्रशियाच्याच राजाचा नातेवाईक, हे चालण्यासारखं नव्हतंच.

आता ही उमेदवारी कोणाच्या डोक्यातून निघाली? बिस्मार्क पुढे कायम म्हणत राहिला की हा होहेनझोलर्न घराण्याचा घरगुती मामला, प्रशिया सरकारचा काही संबंध नाही. बराच काळ जर्मन इतिहासकारांनीही हेच धरून ठेवलं. कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात. मार्च १८७० मध्ये बिस्मार्कने राजाला लांबलचक टिपण लिहून ही उमेदवारी स्वीकारायचा आग्रह केला होता, राजा नाखूश होता, तरी बिस्मार्कने लोथार बुखर या आपल्या माणसाला माद्रिदला धाडलं आणि जूनमध्ये राजाकडून कशीबशी संमती मिळवली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट लॉर्डने जुलैच्या पेचप्रसंगाचे जर्मन दफ्तरातले कागद छापले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उमेदवारीचे गुप्त कागद बाहेर आले, तेव्हापासून 'घरगुती मामला' हे म्हणणं टिकत नाही.

वाद उरतो तो हेतूचा. जर्मन इतिहासकार योसेफ बेकरच्या मते बिस्मार्कला सुरुवातीपासून फ्रान्सशी युद्धच हवं होतं, स्पेन हे आमिष. दुसरा इतिहासकार एबरहार्ड कोल्ब उलट म्हणतो की बिस्मार्कला राजकीय फायदा हवा होता, पण पेच युद्धापर्यंत ताणला तो पॅरिसच्या मंत्र्यांनी. दोघांकडेही कागद आहेत. तरी मार्चमध्ये बिस्मार्कला जुलैचं सगळं दिसत होतं असं मानणं जरा जडच जातं. पेच हवा होता, युद्ध झालं तर तयारी होती आणि फ्रान्सच माघार घेऊन पडला असता तर तेही चाललं असतं, असं म्हणणं कागदांशी जास्त जुळतं. शिवाय त्याचा बेत होता की स्पेनच्या संसदेने लिओपोल्डला आधी निवडून टाकावं आणि फ्रान्सला मग कळावं. तो फसला. कारण म्हणून एक दुसरीच तार सांगतात: लिओपोल्डशी बोलणी करायला जर्मनीला गेलेल्या स्पॅनिश दूत सालाझारने आपण जूनअखेर परततो असं कळवलं, माद्रिदमध्ये सांकेतिक मजकूर उलगडताना तारीख चुकून जुलैतली निघाली, इतके दिवस थांबायचं कशाला म्हणून संसदेचं अधिवेशन तहकूब झालं, आणि जुलैच्या सुरुवातीला बातमी पॅरिसला फुटली तेव्हा निवड अजून झालीच नव्हती.

६ जुलैला फ्रेंच परराष्ट्रमंत्री ग्रामोंने संसदेत आगखाऊ भाषण केलं. १२ तारखेला लिओपोल्डच्या वडिलांनी, कार्ल आंतोनने, मुलाचं नाव मागे घेतलं. इथे फ्रान्स जिंकला होता, बिस्मार्क तोंडावर आपटला होता आणि राजीनाम्याचा विचार करत होता असं त्यानेच पुढे लिहिलंय. पण ग्रामोंला एवढ्यावर समाधान नाही, त्याने त्याच दिवशी प्रशियाच्या राजदूताकडे राजाचं खुलाशाचं पत्र मागितलं आणि बेनेडेटीला हुकूम सोडला की राजाकडून हमी घे, ही उमेदवारी पुन्हा कधीच येणार नाही. हातात आलेला विजय असा घालवल्याची उदाहरणं राजनीतीत कमीच.

एम्स हे लान नदीकाठचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, राजा तिथे उपचाराला यायचा. १३ तारखेला सकाळी फिरताना बेनेडेटीने त्याला गाठलं. त्या जागी आज एक दगड आहे, त्यावर तारीख आणि वेळ कोरलीय: सकाळी ९ वाजून १० मिनिटं. राजाने कायमची हमी द्यायला नकार दिला, बोलणं ताठर झालं पण असभ्य नाही. नंतर माघारीची खात्री देणारं कार्ल आंतोनचं पत्र आलं, आणि पॅरिसहून त्या खुलाशाच्या मागणीचा रिपोर्टही आला, त्याने राजा भडकला. बेनेडेटीला पुन्हा भेट दिली नाही, अॅडज्युटंटकडून (राजाच्या लष्करी मदतनिसाकडून) निरोप गेला. तरी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर दोघांनी नीट निरोप घेतला, त्यामुळे 'राजदूताचा अपमान' प्रत्यक्षात घडलाच नव्हता.

हा सगळा वृत्तांत राजाबरोबर असलेल्या आबेकेन या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने तारेने बर्लिनला कळवला. या मूळ तारेत दोन गोष्टी आहेत ज्या सहसा कोणी सांगत नाही. एक, शेवटी राजाने स्वतःच म्हटलंय की नवी मागणी आणि तिचा नकार आपल्या वकिलातींना आणि पेपरना कळवायचा का हे बिस्मार्कने ठरवावं, म्हणजे छापायची परवानगी होती. दुसरी, बेनेडेटीने 'फारच पिच्छा पुरवून' मागणी केली असा राजाचा शेरा त्यात होता आणि तो बिस्मार्कने काढून टाकला, म्हणजे राजदूताला लागेल असा शब्द उलट मूळ तारेतच होता!

मग बदललं काय? तार जेमतेम निम्मी झाली. राजाने सकाळी काय समजावलं ते गेलं, पत्र आल्यामुळे आता आणखी बोलण्यासारखं काही नाही हे कारणही गेलं. उरलं एवढंच की राजदूताने हमी मागितली आणि राजाने त्याला पुन्हा भेटायला नकार देऊन, आणखी काही सांगायचं नाही, असं अॅडज्युटंटकडून कळवलं. खोटं वाक्य एकही नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं दार तोंडावर आपटलं. त्याच संध्याकाळी नॉर्डडॉइचे आल्गेमाइने त्साइटुंग या पेपरच्या खास अंकात ते छापून बर्लिनच्या रस्त्यांवर वाटलं, वकिलातींनाही पाठवलं. पॅरिसमध्ये पेपर आणि गर्दी युद्ध युद्ध करायला लागली. १५ तारखेला फ्रेंच संसदेत तियेरसारखे थोडे विरोधी सभासद थांबा म्हणत होते, त्यांचं कोणी ऐकलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया, व्युर्टेमबर्ग, बाडेन या राज्यांचे प्रशियाशी १८६६ मध्ये गुप्तपणे झालेले संरक्षण करार होते आणि हल्लेखोर फ्रान्स ठरल्यामुळे ते लागू झाले. तारेचा खरा उपयोग हा. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेदानच्या लढाईत फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा पकडला गेला, १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायच्या आरसे महालात विल्हेल्म कैसर म्हणजे जर्मन सम्राट झाला, आणि फ्रँकफर्टच्या तहात फ्रान्सने आल्सास, लोरेनचा एक भाग आणि ५ अब्ज फ्रँक दिले. कैसरपद स्वीकारा असं विनंतीपत्र बव्हेरियाच्या राजा लुडविगने लिहिलं खरं, पण मसुदा बिस्मार्कचा, आणि लुडविगला गुपचूप पैसे गेले ते प्रशियाने जप्त केलेल्या हॅनोव्हर राजघराण्याच्या खजिन्यातून. नव्या संघराज्याच्या वरिष्ठ सभागृहात ५८ पैकी १७ मतं प्रशियाची, घटनादुरुस्ती अडवायला १४ पुरत, त्यामुळे एकीकरण म्हणजे प्रत्यक्षात प्रशियाचा विस्तार अशी टीका तेव्हापासूनच आहे.

बेबेल आणि लीब्क्नेश्ट या समाजवाद्यांनी जुलै १८७० मध्येच युद्धखर्चाच्या मतदानात भाग घेतला नव्हता, १८७२ मध्ये लाइपझिगला राजद्रोहाच्या खटल्यात दोघांना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली. बिस्मार्क १८९० मध्ये पदावरून गेल्यावर लीब्क्नेश्टने तार बनावट असल्याचा आरोप जोरात मांडला, आणि गंमत म्हणजे स्वतः बिस्मार्कनेही तारेचं श्रेय मिरवायला सुरुवात केली. शेवटी नोव्हेंबर १८९२ मध्ये बिस्मार्कनंतरच्या चान्सलर काप्रिवीला राइशस्टागमध्ये (जर्मन संसदेत) मूळ तार वाचून दाखवावी लागली. १३ जुलैच्या संध्याकाळी सरसेनानी मोल्टके आणि युद्धमंत्री रोन जेवायला आलेत, खिन्न बसलेत, बिस्मार्क तार कापून वाचून दाखवतो आणि दोघांची भूक परत येते, हा प्रसिद्ध प्रसंग बिस्मार्कच्या आठवणींत आहे, त्या तो गेल्यावर १८९८ मध्ये आल्या. जेवणाला दोघे होते याबद्दल वाद नाही, बाकी रंगवलेलं किती यावर अभ्यासक सावधच असतात, कारण लिहिणारा वीसेक वर्षांनी आपलंच काम सांगत होता.