ब्रीदरमधून तेल आलं म्हणजे रिंगा गेल्या?

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटवाल्यांकडे एक मेसेज कायम फिरत असतो, ब्रीदरच्या (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाईपातून तेल आलं म्हणजे पिस्टनच्या रिंगा संपल्या, सिलिंडर बोर करा, तोवर पाईपाला बूच मारा.

असं वाटणं साहजिक आहे, तेल बघून धडकी भरतेच. पण ३५० बुलेट ३४६ सीसीची, म्हणजे पिस्टन खाली येतो तेव्हा तेवढी हवा क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) दाबली जाते आणि तिला बाहेर जायला वाट लागतेच. बूच मारलं तर तोच दाब ऑइल सील आणि गॅस्केटमधून तेल बाहेर काढणार.

आता आपल्या गोव्यात काय होतं, गाडी पावसात दोन-तीन महिने उभी, आणि चवथीला बाहेर काढायची. तोवर ऑइलच्या टाकीतलं तेल ऑइल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं, डिपस्टिकवर (टाकीतलं तेल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल कमी दिसते, आपण वरून अजून ओततो (मीपण ओतलंय), आणि किक मारली की जास्तीचं सगळं ब्रीदरमधून बाहेर.

म्हणून आधी इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा, थोडं थांबा, मग लेव्हल बघा. जास्त असेल तर काढा. ब्रीदरचा रबरी व्हॉल्व्ह काढून, पुसून तोंडाने फुंकून बघा, हवा एकाच बाजूने जायला हवी, रबर कडक झालं किंवा चिरलं असेल तर बदला, स्वस्त असतो. पाईपात पांढरा फेस असेल तर ती बहुतेक दमट हवेची वाफ.

एवढं करूनही तेल येतंय, सायलेन्सरमधून निळा धूर आणि किक हलकी लागते, तर मग रिंगांचा संशय घ्या.