तिआनमेन चौकातील लोकशाही आंदोलन (१९८९)

चीनमध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध बीजिंगच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल १९८९ मध्ये सुरू केलेले आणि ३-४ जूनच्या रात्री सैन्य घालून चिरडले गेलेले आंदोलन. चिनी लोक त्याला नुसते ‘सहा-चार’ म्हणतात. म्हणजे सहाव्या महिन्याचा चौथा दिवस. आंदोलनाला नाव चौकाचे मिळाले, पण बहुतेक माणसे मेली ती चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर, आणि त्यांत कामगार व साधे रहिवासीच जास्त होते. ‘विद्यार्थ्यांचे आंदोलन’ म्हणताना ही गोष्ट मागे पडते, म्हणून ती आधीच सांगायला हवी.

चीनचे सर्वोच्च नेते देंग शियाओपिंग यांच्या आर्थिक सुधारणांना तोवर दहा वर्षे झाली होती. एकाच मालाला सरकारी भाव एक आणि बाजारभाव दुसरा, अशी व्यवस्था होती. ज्याची वर ओळख, तो सरकारी भावाने माल उचलून बाजारात विकायचा. अधिकाऱ्यांच्या या नफेखोरीला लोक ‘ग्वानदाओ’ म्हणत. रेशनच्या धान्याचा काळाबाजार पाहिलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. १९८८ मध्ये महागाई १८ टक्क्यांवर गेली आणि लोक बँकांतून ठेवी काढू लागले. त्याआधी, डिसेंबर १९८६ मध्ये, हफेई शहरातून विद्यार्थ्यांचे मोर्चे सुरू झाले होते. ते नरमाईने हाताळल्याचा ठपका ठेवून पक्षाचे सरचिटणीस हू याओबांग यांना जानेवारी १९८७ मध्ये पद सोडायला लावले गेले.

हू १५ एप्रिल १९८९ रोजी वारले. शोक करायला जमलेली गर्दी कोणत्याही सरकारला हुसकावणे अवघड जाते. पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये याच चौकात तसेच घडले होते. २२ एप्रिलला चौकालगतच्या ग्रेट हॉल या संसदभवनात शासकीय शोकसभा चालू असताना तीन विद्यार्थी इमारतीच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून बसले. निवेदनाची गुंडाळी त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. जुन्या काळी रयत बादशहापुढे अर्ज करायची तशी. पंतप्रधान ली पेंग यांनी बाहेर येऊन निवेदन घ्यावे एवढेच मागणे होते. ते आले नाहीत. समोर चौकात उभे असलेले हजारो तरुण ते पाहून रडत होते.

चार दिवसांनी ‘पीपल्स डेली’ या पक्षाच्या मुखपत्राने अग्रलेख छापला आणि या सगळ्याला ‘दोंगलुआन’ ठरवले. शब्दाचा अर्थ अंदाधुंदी, उत्पात. पण पक्ष माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या छळाच्या दहा वर्षांसाठी (१९६६-७६) हाच शब्द वापरत आला होता. तो ज्याला चिकटला त्याची नोकरी, घर, पुढचे आयुष्य धोक्यात, हे घरोघरी माहीत होते. म्हणून दुसऱ्याच दिवशी पोलिसांची कडी तोडून प्रचंड मोर्चा निघाला. तिथून पुढे संवाद करा आणि अग्रलेखातला तो शिक्का मागे घ्या, या दोन मागण्या सर्वांत पुढे आल्या. भाषण आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य, नेत्यांच्या मिळकतीचा हिशेब या मागण्याही होत्याच. माझ्या मते मात्र हा झगडा एका शब्दावरून पेटला, आणि देंग यांनी तो शब्द मागे घ्यायला नकार दिला तेव्हाच त्याचा शेवट जवळपास ठरला.

१३ मेला विद्यार्थी उपोषणाला बसले. दोन दिवसांनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह येणार होते. त्यांचे चौकातले स्वागत विमानतळावर उरकावे लागले आणि त्या भेटीसाठी आलेल्या विदेशी पत्रकारांचे कॅमेरे उपोषणाकडे वळले. उपोषणकर्ते तीन हजारांवर गेले, रुग्णवाहिकांचे भोंगे दिवसरात्र वाजू लागले, आणि शहर हलले. १७ मेला सुमारे दहा लाख माणसे रस्त्यावर होती. त्यात कारखान्यांचे कामगार होते, शिक्षक होते, खुद्द ‘पीपल्स डेली’चे पत्रकारही होते. १९ मेच्या पहाटे सरचिटणीस झाओ झियांग हातात ध्वनिक्षेपक घेऊन मुलांमध्ये गेले आणि ‘आम्ही फार उशिरा आलो’ म्हणाले. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनात पुन्हा दिसले नाहीत. २००५ मध्ये नजरकैदेतच वारले.

२० मेला लष्करी कायदा लागू झाला. सैन्य निघाले, पण शहरात शिरू शकले नाही. बायका, म्हातारी माणसे ट्रकांपुढे बसली, लोकांनी बसगाड्या आडव्या लावल्या, आणि त्याच जवानांना पाणी व जेवणही दिले. ३८ व्या सैन्यदलाचे सेनापती शू छिनशियान यांनी हुकूम पाळायला नकार दिला. त्यांना पाच वर्षांची कैद झाली.

आंदोलकांच्या हातूनही एक वाईट गोष्ट घडली, ती टाळून पुढे जाऊ नये. २३ मेला हूनान प्रांतातून आलेल्या तिघा तरुणांनी चौकासमोरच्या माओच्या तसबिरीवर रंग भरलेली अंडी फेकली. आपल्यावर ‘उत्पाता’चा आळ येईल या धास्तीने विद्यार्थ्यांनीच त्यांना पोलिसांच्या हवाली केले. शिक्षा झाल्या जन्मठेप, २० वर्षे आणि १६ वर्षे. त्यांपैकी यू दोंगयुए २००६ मध्ये सुटला तेव्हा त्याचे मन पार ढासळले होते. शिक्का किती खोल गेला होता, हे यावरून कळते.

३ जूनच्या रात्री दहाच्या सुमारास चौकाच्या पश्चिमेला मुशिदी येथे वाट अडवून उभ्या असलेल्या लोकांवर सैन्याने खऱ्या गोळ्या झाडल्या. आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्यांवरही गोळ्या आल्या. जखमींना लोकांनी तीनचाकी सायकलगाड्यांवर घालून इस्पितळात नेले. संतापलेल्या जमावाच्या हातून काही जवानही मारले गेले. चौकात उरलेल्या विद्यार्थ्यांसाठी गायक होऊ दज्यान आणि अभ्यासक चौ दुओ यांनी सैन्याधिकाऱ्यांकडून वाट मागून घेतली. त्यांच्यासोबत २ जूनपासून उपोषणाला बसलेले लेखक लिऊ शियाओबो पुढे २०१० च्या शांतता नोबेलचे मानकरी ठरले. पहाटे मुले आग्नेय कोपऱ्यातून बाहेर पडली. ललितकलेच्या विद्यार्थ्यांनी माओच्या तसबिरीसमोर उभारलेला लोकशाही देवीचा दहा मीटर उंच पुतळा रणगाड्याने पाडला. परतणाऱ्या मुलांच्या रांगेवर लिऊबुकोऊ चौकात रणगाडा गेला आणि ११ जण ठार झाले.

त्याच ४ जूनला, तिथेही कम्युनिस्ट राजवट असलेल्या पोलंडमध्ये मतदान होऊन सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना निवडून येत होती.

सरकारने मृतांचा आकडा जवानांसह सुमारे ३०० सांगितला. चिनी रेडक्रॉसच्या नावाने आलेला २,६०० चा आकडा लगेच मागे घेतला गेला. २१ विद्यार्थी नेत्यांची ‘पाहिजेत’ यादी निघाली, तिच्यात पहिले नाव वांग दान यांचे. पण सर्वांत कडक शिक्षा कामगारांना झाल्या. काहींना देहदंड झाला. शब्दही बदलला. ‘उत्पात’ आता ‘प्रतिक्रांतिकारी बंड’ झाला. आज चीनमध्ये इंटरनेटवर तारीखच गाळली जाते, म्हणून लोकांनी ‘३५ मे’ (३१ मेनंतरचा चौथा दिवस) अशी तारीख शोधून काढली आणि तीही बंद पडली. हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कात १९९० पासून मृतांच्या स्मरणार्थ दरवर्षी पेटणाऱ्या मेणबत्त्यांवर २०२० मध्ये बंदी आली.

मृतांची नावे गोळा केली ती आयांनी. दिंग झिलिन यांचा १७ वर्षांचा मुलगा मारला गेला. त्यांनी आणि झांग शियानलिंग यांनी मिळून ‘तिआनमेनच्या माता’ हा गट उभा केला. घरोघर फिरून त्यांनी दोनशेवर नावे नोंदवली आहेत. झांग यांचा १९ वर्षांचा वांग नान त्या रात्री कॅमेरा घेऊन बाहेर पडला होता. सैन्य खरेच गोळ्या झाडेल का, असे त्याने आईला विचारले होते, आणि आईने नाही म्हटले होते. चौकाच्या पश्चिमेला एका शाळेसमोर त्याला इतरांबरोबर उथळ खड्ड्यात पुरले गेले. पाऊस पडला, दुर्गंधी सुटली, तेव्हा मृतदेह वर काढावे लागले. त्या जागी आईने फुले ठेवू नयेत म्हणून पुढे तिथे सरकारने एक कॅमेरा बसवला.